स्वस्त गावातला समाजशास्त्रज्ञ

कामाचा मोबदला माणूस जिथे राहतो तिथल्या खर्चाच्या मानाने ठरावा, हे मत मी बरीच वर्षं बाळगलं. नुसतं बाळगलं नाही, राबवलंही. आधी विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात आणि निवृत्तीनंतर एका संशोधन संस्थेत प्रकल्पांची अंदाजपत्रकं करायचं काम माझ्याकडे असे. त्यात पुण्याच्या संशोधन साहाय्यकाला एक दर आणि परभणी, नंदुरबार, गडचिरोलीच्या साहाय्यकाला त्याहून बराच कमी दर मी लावत आले. दोघांची पात्रता एकच, समाजशास्त्रात एम.ए., सेट किंवा नेट, बहुतेकांची पीएच.डी. चालू. प्रश्नावली तीच, मुलाखतीला लागणारा वेळही तोच; उलट नंदुरबारला पाड्यावर पोहोचायलाच अर्धा दिवस जाई. कुणी विचारलंच तर माझं उत्तर ठरलेलं होतं: ‘तिथे दोन खोल्यांना भाडं किती पडतं आणि इथे किती, ते बघा.’ हे मला न्याय्य वाटायचं. आता वाटत नाही. मात्र त्या उत्तरातला काही भाग अजूनही पटतो, म्हणून हे थोडं सविस्तर सांगते.

माझं मत काही हवेतून आलेलं नव्हतं. सरकारही थोडंफार असाच विचार करतं. सातव्या वेतन आयोगानुसार महाविद्यालयातल्या साहाय्यक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. महाराष्ट्राने ते मार्च २०१९च्या शासन निर्णयाने लागू केलं. समाजशास्त्र असो की रसायनशास्त्र, कुलाबा असो की किनवट, मूळ वेतन एकच. महागाई भत्ताही एकच, कारण तो अखिल भारतीय निर्देशांकावर ठरतो. महागाई वाढली की मलबार हिलला आणि एटापल्लीला सारख्याच टक्क्यांनी वाढली, असं सरकार धरून चालतं. गावागावांत फरक पडतो तो मुख्यतः घरभाडे भत्त्याने. मुंबई-पुणे ‘एक्स’ वर्गात, नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, अमरावती वगैरे ‘वाय’ वर्गात आणि उरलेला बहुतेक महाराष्ट्र ‘झेड’मध्ये. दर सुरुवातीला २४, १६ आणि ८ टक्के होते. महागाई भत्त्याने पन्नाशी ओलांडली की ३०, २० आणि १०. म्हणजे नव्याने लागलेल्या साहाय्यक प्राध्यापकाला वरच्या दराने पुण्यात १७,३१० रुपये घरभाडं मिळणार आणि परभणीत ५,७७०. फरक ११,५४० रुपयांचा. एकाच पदावरच्या दोन माणसांच्या राहणीमानाच्या खर्चात सरकारला दिसलेलं अंतर, वाहतूक भत्त्याची किरकोळ रक्कम सोडली तर, एवढंच.

माझी तक्रार तेव्हा अशी होती की हे अंतर फारच कमी धरलं आहे. नुसतं घरच का? भाजी, दूध, शाळा, रिक्षा, कामवाल्या मावशींचा पगार, सगळंच शहरात महाग. मग सगळ्याचाच हिशेब का धरू नये? अमेरिकेत कुठल्या राज्यात समाजशास्त्रज्ञाला किती मिळतं आणि तिथल्या किमतींच्या मानाने ते किती उरतं, याचे तक्ते सहज मिळतात. आपल्याकडेही तसं व्हावं, असं मी वर्गात सांगत असे.

पण तसं करायला हत्यार कुठलं? पहिली चूक इथेच होते, आणि माझे हुशार विद्यार्थीही ती करत. सिमल्याचं लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी केंद्रवार किंमत निर्देशांक काढतं. मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर ही त्यातली काही केंद्रं. पायाभूत वर्ष २०१६ धरलं, तर त्या वर्षी प्रत्येक केंद्राचा आकडा १००. पुढे सोलापूरचा आकडा मुंबईच्या वर गेला, तर मुलं लगेच लिहीत की सोलापूर मुंबईपेक्षा महाग झालं. तसं नसतं. सोलापूर २०१६च्या सोलापूरपेक्षा किती महागलं, एवढंच तो आकडा सांगतो. दोन गावं शेजारी उभी करून उंची मोजायची सोय त्यात नाही.

मग मी दुसरा रस्ता धरला, खर्चाच्या पाहण्यांचा. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०११-१२ साली देशात दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात १,४३० रुपये होता आणि शहरी भागात २,६३०. शहराचा खर्च जवळजवळ ८४ टक्क्यांनी जास्त. यावरून खेड्यातल्या माणसाला निम्म्याहून थोडं अधिक दिलं तरी पुरेल, असा निष्कर्ष काढायला कितीसा वेळ लागतो? मी काढला होता. त्याच २०११-१२ सालासाठी, सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने आलेली दारिद्र्यरेषा मात्र ग्रामीण ८१६ आणि शहरी १,००० रुपये आहे. फरक साधारण २२ टक्क्यांचा. समितीने दोन्हीकडे वस्तूंची टोपली एकच ठेवली आणि फक्त किमती बदलल्या. म्हणजे तेच सामान शहरात पावपटीहूनही थोडं कमीच महाग होतं, आणि उरलेलं सगळं अंतर खेड्यातला माणूस कमी खर्च करतो म्हणून होतं. तो कमी खर्च करतो कारण त्याच्याकडे पैसे कमी असतात. आणि त्याला पैसे कमी का द्यायचे, तर म्हणे तो कमी खर्च करतो! हे वर्तुळ मी दारिद्र्याच्या अभ्यासात मुलांना शिकवत होते, आणि अंदाजपत्रकाच्या तक्त्यात तेच वर्तुळ स्वतः फिरवत होते.

आकड्यांनी मत डळमळलं, पण पडलं नाही. ते पडायला एक जुनी विद्यार्थिनी निमित्त झाली. ती परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. कौटुंबिक अंदाजपत्रकाची पद्धत मुलांना शिकवायची म्हणून तिने स्वतःच्याच घराचा वर्षभराचा हिशेब ठेवला होता. तो मला पाठवताना सोबत एवढंच लिहिलं होतं: ‘मॅडम, तुमच्या स्वस्ताईचा पुरावा पाठवतेय.’ टोमणा होता की नाही, मला अजून नक्की सांगता येत नाही. बहुधा होता.

भाडं खरंच कमी होतं, पुण्यातल्या तशाच घराच्या चौथ्या हिश्शाइतकं. ज्वारी शेतातून येत होती, तिचे पैसे नव्हते. इथवर माझं मत सुखरूप होतं. पुढची पानं वेगळी होती. पेट्रोल: परभणीतलं पेट्रोल मुंबई-पुण्यापेक्षा महाग, कारण टँकर थेट मनमाडच्या डेपोतून येतो, आणि एसटीच्या वेळा कॉलेजच्या वेळांशी जुळत नसल्याने दुचाकीला पर्याय नाही. सासऱ्यांचे हृदयाचे डॉक्टर छत्रपती संभाजीनगरला. तपासणीची फी एका बाजूला, तर गाडीभाडं, एका रात्रीचा लॉज आणि बुडालेल्या तासिका दुसऱ्या बाजूला. पीएच.डी.साठी लागणारे अहवाल आणि जुनी नियतकालिकं पुण्यात. म्हणजे मे महिन्यात पुण्याला कॉट बेसिसवर राहणं, मेस, झेरॉक्स. चर्चासत्रं नागपूर, मुंबई, पुणे इथे, नोंदणी शुल्क सगळ्यांना सारखं, प्रवास मात्र तिचा लांबचा. शिवाय ‘आहेर’ या नावाचं एक स्वतंत्र पान. भावकीतली लग्नं, बारशी, सप्ताहाची वर्गणी, कुणाच्या पोराच्या फीला हातउसने. गावात ‘प्राध्यापकीण बाई’ म्हणून नाव असलं की वर्गणीची पावती मोठ्या आकड्याची फाटते. तिचं मानधन किती आणि ते सहा महिन्यांनी येतं की आठ, हे पावती फाडणाऱ्याला ठाऊक नसतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्याला नावही माहीत नसतं, आणि त्या अनोळखीपणात पैसे वाचतात, हे आमच्या कुठल्याच तक्त्यात येत नाही.

पण मला खरा धक्का दिला तो कोऱ्या रकान्यांनी. ग्रंथालय वर्गणी: शून्य. नाटक, व्याख्यानं: शून्य. मुलीचा तबल्याचा क्लास: शून्य. दंतवैद्य: शून्य. हे सगळं तिथे फुकट आहे म्हणून शून्य नव्हतं. तिथे ते नव्हतंच. राहणीमानाचा खर्च मोजणाऱ्याला मात्र या शून्यांमुळे गाव स्वस्त दिसतं. नसण्याची किंमत शून्य लावली की जितकं कमी असेल तितकं गाव स्वस्त, आणि जितकं स्वस्त तितका तिथल्या माणसाला दर कमी.

हे काही माझं नवं संशोधन नाही. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१-२२मध्ये गिरणी कामगारांच्या घरखर्चाची जी पाहणी केली, तिच्या फिंडले शिरास यांनी लिहिलेल्या अहवालात एक नोंद आहे: कामगाराच्या पोटात जाणारं धान्य दुष्काळी कामांच्या संहितेतल्या कमाल मापाइतकं भरतं, पण मुंबईच्या तुरुंगातल्या कैद्याला मिळणाऱ्या मापापेक्षा कमी. तरीही जगण्याचा खर्च म्हणून मोजला गेला तो त्याच आहाराचा. माणूस काय खातो ते मोजलं, आणि त्याने किती खायला हवं हा प्रश्न तळटीपेत गेला. तो अहवाल मी दरवर्षी शिकवत असे, आणि त्यातल्या तुलनेने दरवर्षी वर्गात सन्नाटा पसरे. शंभर वर्षांनी परभणीच्या बाईच्या बाबतीत मी तेच करते आहे, हे त्या हिशेबाच्या वहीपर्यंत मला जाणवलं नव्हतं.

इथे कुणी म्हणेल, की मग उत्तर सोपं आहे, सगळ्यांना सारखा दर द्या. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना महाराष्ट्रात तो सारखाच आहे. पदवीच्या तासाला ९०० रुपये, पदव्युत्तरला १,०००. आठवड्याला फार तर नऊ तास. पदवीचे पूर्ण नऊ तास मिळाले आणि एकही सुट्टी आली नाही, तर चार आठवड्यांचे ३२,४०० होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९मध्येच अतिथी अध्यापकासाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० असं सांगून ठेवलं आहे, ते निराळं. तासिकेवरच्या माणसाला दिवाळी, परीक्षा, उन्हाळा यांचं काहीच मिळत नाही. हे पैसे परभणीला जेवढे तेवढेच पुण्याला, आणि पुण्यात त्यातला निम्मा भाग खोलीच्या भाड्यात जातो. घरभाडे भत्ता हा शब्द या लोकांच्या बाबतीत कुणी काढतच नाही. म्हणून म्हणते, की माझ्या जुन्या मतातला घराचा भाग खरा होता. जागेचं भाडं ही शहराची खरी, मोजता येणारी आणि डोक्यावर बसणारी किंमत आहे. ती वेगळी आणि पुरेशी मिळायलाच हवी. पूर्ण पगारी माणसाला मिळते आणि मानधनावरच्याला मिळत नाही, हे उफराटं आहे.

पण पुण्याकडे पाहताना माझ्या मताचा उरलेला पायाही निघाला. पगार आणि राहणीमानाचा खर्च यांचं काही नातं असेल, तर जिथे जगणं महाग तिथे समाजशास्त्रज्ञ महाग असायला हवा. प्रत्यक्षात पुण्यातही तो स्वस्तातच मिळतो. कारण तो तिथे मुबलक आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथून एम.ए.ला आलेली मुलं नेट-सेट होतात, पीएच.डी. लावतात आणि तिथेच थांबतात. जाहिरात निघेल म्हणून वर्षानुवर्षं थांबतात. सरकारी अनुदानाच्या जागा भरायची परवानगी अनेक वर्षं अडून राहते, आणि ती आली की जागेचा ‘रेट’ काय चाललाय याची कुजबुज सुरू होते. हा रेट राहणीमानाच्या कुठल्या निर्देशांकात धरायचा, ते मला कुणी सांगावं. जमीन विकून भरलेल्या त्या रकमेची परतफेड पुढच्या पगारातून होते, म्हणजे पहिली काही वर्षं ५७,७०० हे मूळ वेतन नावापुरतंच.

तर अशा पुण्यात नऊ तास एका माणसाला पूर्ण मिळत नाहीत. दोघांत, तिघांत वाटले जातात. एक जण सकाळी हडपसरला दोन तास, दुपारी कोथरूडला एक, संध्याकाळी स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये ‘भारतीय समाज’. मधल्या वेळात आमच्यासारख्यांच्या प्रकल्पात मुलाखती. अशा मुलाला मी पुण्याचा चढा दर देत होते, आणि त्याला तो चढा वाटतही होता, कारण दुसरीकडे त्याहून कमी मिळे. परभणीच्या मुलीला मी उतरता दर देत होते आणि तीही घेत होती, कारण दुसरीकडे काहीच मिळत नव्हतं.

इथे मला स्वतःशी जरा कठोर व्हावं लागलं. मी नंदुरबारला कमी दर देत होते तो तिथलं भाडं कमी म्हणून, असं मी सांगत असे. तिथल्या कुणाच्या भाड्याची पावती मी कधी मागितली होती? तिथला माणूस तेवढ्यात यायला तयार होता, म्हणून मी तेवढे देत होते. भाड्याचं कारण नंतर चिकटवलेलं. व्यापारी माणूस हेच करतो आणि निदान त्याला सामाजिक न्याय म्हणत नाही.

गंमत म्हणजे सरकार या बाबतीत माझ्यापेक्षा कमी सरळ आणि जास्त शहाणं निघालं. गडचिरोलीत घरभाडे भत्ता सगळ्यांत कमी. पण आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांना २००२च्या निर्णयाने एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळते, शिवाय प्रोत्साहन भत्ता. म्हणजे एकाच जागेला सरकार एका हाताने स्वस्त म्हणतं आणि दुसऱ्या हाताने, तिथे राहायला माणूस तयार व्हावा म्हणून, जास्त मोजतं. पूर्वी मला ही विसंगती वाटायची आणि मी तिची थट्टा करायचे. आता वाटतं, की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन वेगळ्या रकान्यांत लिहिल्या म्हणून निभतं. घर स्वस्त, आणि त्या घरात राहून आपलं काम चालू ठेवणं महाग. समाजशास्त्राच्या माणसाला तर हे फारच लागू पडतं. त्याचं काम म्हणजे नुसते तास घेणं नाही. वाचणं, लोकांना भेटणं, दुसऱ्या अभ्यासकांशी वाद घालणं, लिहिलेलं कुणाकडून तरी फाडून घेणं, हे नसेल तर पाच वर्षांत तो जुन्या नोट्स वाचून दाखवायला लागतो. पुण्यात हे सायकलवर होतं. किनवटला त्याला रात्रीची गाडी पकडावी लागते. मानधनात ते बसत नसेल, तर तो ते सोडतो, आणि मग आपण म्हणतो, की ग्रामीण भागातल्या प्राध्यापकांचा दर्जा बघा.

हल्ली मी अंदाजपत्रक करते तेव्हा कामाचा दर सगळीकडे एक धरते, पुण्याचा. घरभाडं वेगळ्या ओळीत, जिथे जेवढं पडतं तेवढं. आणि दूरच्या माणसासाठी एक तिसरी ओळ घालते: ग्रंथालय आणि चर्चासत्राचा प्रवास. पहिल्या दोन ओळी बहुतेक मंजूर होतात. तिसरी ओळ निधी देणाऱ्यांच्या हिशेब विभागाला समजत नाही. ‘हा प्रवास प्रकल्पाच्या गावांत कुठे आहे?’ असं विचारून ते ती कापतात. मी पुढच्या वेळी पुन्हा घालते.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे धड उत्तर नाही. तो माझ्या एका अर्थशास्त्रज्ञ मित्राने घेतला. पुण्याच्या दराने नंदुरबारला मुलाखती घेणारी मुलगी ज्या शाळेत मुलाखत घ्यायला जाते, तिथल्या शिक्षणसेवकाला महिन्याला १६,००० मिळतात. तोही डी.एड., टीईटी, अभियोग्यता चाचणी सगळं पार करून आलेला. तो पूर्ण महिना शिकवतो आणि ही पंधरा दिवसांत तेवढे कमावते. ‘त्याच्या गरिबीवर प्रश्न विचारायचे याला त्याच्याहून जास्त दर लावतेस, हे तुला चालतं?’ मित्र म्हणाला. मला चालत नाही. पण म्हणून तिचा दर खाली आणावा, हे तर त्याहून चालत नाही. शिक्षणसेवकाचा आकडा माझ्या अंदाजपत्रकात नाही, एवढंच मी त्याला म्हणाले. त्यावर तो हसला. मग आम्ही चहा मागवला आणि त्याच्या पेन्शनवर बोलत बसलो.